लिंबराज, ते गाणं कुणासाठी होतं

लिंबराज,

तुला खांद्यावर घेऊन आम्ही वेशीपाशी आलो आणि समोरच्या मंगल कार्यालयातून तुझंच गाणं ऐकू आलं. नवरी उखाणा घ्यायला लाजत असणार, आणि बँडवाल्यानं नेहमीप्रमाणं सुरू केलं असणार, ‘नाव घे गं, नाव घे गं, एकदा नाव घे गं’. भावकीतले दोघं बंद करायला सांगायला पळाले. तेवढ्यात मागून सुमनवहिनींचा आवाज आला, “वाजू द्या की. त्यांचंच हाय ते.” झालं, चांगल्या थोराड बाप्यांचाही बांध फुटला. मी एकटा कोरडा. गुरुजी मनाचे लई घट्ट, असं कुणीतरी मागं कुजबुजलं. घट्ट कसला, मला तुझा राग आला होता. जाता जातासुद्धा तू ते गाणं माझ्या कानात घालूनच गेलास.

गाण्याची गोष्ट सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. तू तरुणपणी खंडोबाच्या जत्रेला अणदूरला गेलास. तिथं गच्चीवर सुमन उभी होती, तू खाली बोळात. दोन घरांच्या मधून वाटीएवढं आभाळ दिसत होतं आणि तिच्या पायाखालची माती तुझ्या डोक्यावर पडली. मग घरी येऊन तू गाणं लिहिलंस. मोबाईलवर एक दाढीवाला तरुण ही गोष्ट डोळे मिटून सांगतो आणि लोक त्याला बदामावर बदाम टाकतात. अणदूरला तर म्हणे ती गच्चीही दाखवतात. वहिनींच्या माहेरचं घर पत्र्याचं होतं, त्याला गच्ची कुठून आली, हे कुणी विचारत नाही. तू वहिनींना पहिल्यांदा पाहिलंस ते कांदापोह्यांच्या दिवशी, त्यांच्या मामाच्या घरी. परत येताना एसटीत मला म्हणालास, “नाक बरं हाय.” एवढंच तुझं प्रेमकाव्य. आणि तोवर ते गाणं होऊन दोन वर्षं उलटली होती.

ते झालं तात्यांच्या विहिरीत. हे तुला मी कशाला सांगायचं? पण आजवर आपण दोघांनी ते कधी तोंडानं उच्चारलं नाही, आणि एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून टाकल्याशिवाय मला सुटका नाही.

उन्हाळा होता. आपण दोघं पंचविशीच्या आतले. मी डी.एड. करून नेमणुकीच्या कागदाची वाट बघत बसलेलो, तू मिळेल ते काम करणारा. तात्यांना जुन्या विहिरीतला गाळ काढायचा होता. सात परस, म्हणजे चाळीसएक फूट खोल विहीर, पायऱ्या कधीच ढासळलेल्या. कप्पीवरून दोर सोडून तू खाली उतरलास, कारण तू अंगानं हलका होतास आणि मी भित्रा आहे हे तुला ठाऊक होतं. दहा-बारा टोपली गाळ वर आला असेल नसेल, तोच एका अंगाची दरड सुटली. कप्पीचं लाकूड, दोर, दगड, सगळं तुझ्या बाजूनं खाली गेलं. धुरळा बसल्यावर तुझा आवाज आला तेव्हा जिवात जीव आला. गुडघ्यापर्यंत पाय दगडांत अडकला होता. वर यायला दोर नव्हता आणि शिवारात दुसरं माणूस नव्हतं.

तात्या आणि त्यांचा गडी दोर आणि माणसं आणायला गावाकडं पळाले. जाताना तात्यांनी माझा दंड धरला. हळू आवाजात म्हणाले, “माणिक, तू काठाला थांब. पर ओरडायचं न्हाय. दरड सैल झालीया, आवाजानं बी खाली येईल. अन् नाव तर बिलकूल घ्यायचं न्हाय. खाली आसरा हायत.”

आपल्याकडं विहिरीत माणूस उतरला की वरून त्याला नावानं हाक मारत नाहीत. ‘ए’ म्हणतात, ‘ओ’ म्हणतात, कुणी नुसती शीळ घालतात. पाण्यातल्या साती आसरांच्या कानावर नाव पडलं की त्या माणूस ठेवून घेतात, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यालो. ते तुलाही ठाऊक होतं. पण ओरडू नको म्हणून तात्यांनी मला बजावलंय, ते तुला खाली ऐकू आलं नव्हतं.

“वर कोन हाय? माणक्या, हायस का?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या एका हाकेनं तू गाडला जाशील असं मला वाटलं. खरंच वाटलं, लिंबराज. आज मुलांना विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर म्हणून मला ते पटत नाही, पण त्या दिवशी पटलं होतं. तू मला शिव्या दिल्यास, माझ्या आईपासून सुरुवात केलीस. मग विनवायला लागलास. मग बराच वेळ काहीच नाही. मी पोटावर पडून काठावरून डोकं पुढं काढायचो, खाली नुसता काळोख दिसायचा, आणि मी परत मागं सरकायचो.

मग तू गायला लागलास. गाणं कसलं, आधी ते रडणंच होतं. हळूहळू त्याला भजनाची चाल लागली, कारण भजनी मंडळात टाळ कुटण्यापलीकडं तुला काही येत नव्हतं.

नाव घे ना, नाव घे ना, एकदा नाव घे ना,
वाटीएवढं आभाळ माझं, त्यात तू ये ना,
तुझ्या पायाची माती पडू दे, पडू दे डोईवर.

हेच परत परत. तू नाव घे म्हणत होतास! नाव घ्यायचं नसतं हे ज्याला पाठ, तो म्हणत होता. म्हणजे आता तुला आसरांचंही भय उरलं नव्हतं. आणि माती पडू दे म्हणत होतास. मला वाटलं, तू मला टोचतोयस. बोलत नाहीस तर निदान बुजवून तरी टाक, असं.

ते मला सहन झालं नाही. मी उठलो. बांधावर बाभूळ होती, तिच्याखाली जाऊन बसलो आणि दोन्ही कानांवर हात दाबून धरले. किती वेळ, ते सांगता येत नाही. बाभळीची सावली पावलांवरून सरकत मांडीवर आली, एवढं आठवतं. लांब पांदीतून माणसं येताना दिसली तेव्हा पळत परत काठाला येऊन उभा राहिलो, जसा काही जागचा हललोच नव्हतो. तात्यांनी पाठीवर थाप मारली. “शाब्बास पोरा. एकटा थांबलास.”

तुला वर काढलं तेव्हा दुपार कलली होती. तू तात्यांकडं बिडी मागितलीस आणि माझ्याकडं एकदाच बघितलंस. तीन दिवसांनी लंगडत माझ्या घरी आलास, चहा प्यालास, माझ्या नेमणुकीचं विचारलंस. विहिरीचं नाव नाही. मी म्हटलं, विसरला. सुटलो.

कसला सुटतोय. तू ते गाणं भजनात म्हणायला लागलास, मी भजनाला जायचं सोडलं, देवाला उद्देशून आहे असं समजून म्हातारे माना डोलवायला लागले. तुळजापूरचा एक बँडमास्तर कुणाच्या तरी मयतीला आला होता, त्यानं ते ऐकलं. म्हणाला, “ह्यात ‘ना’ काढ आन् ‘गं’ घाल. बघ लग्नात कसं चालतंय!” त्याला काय माहीत. आणि तूही व्हय म्हणालास. विहिरीचं सांगायची तुला लाज वाटत होती की तुला माझी लाज राखायची होती, हे मला आजपर्यंत उमगलं नाही. वर्षभरात त्याची कॅसेट निघाली. एका गोड गळ्याच्या माणसानं ते म्हटलं आणि ते तुझ्या हातातून गेलं.

मी ती कॅसेट पहिल्यांदा ऐकली धाराशिवच्या एसटी स्टँडसमोर, चहाच्या टपरीवर. तीन ओळी मला पाठ होत्या. चौथी आली.

बोलली नाहीस तरी चालेल, जाऊ नको दूर.

ही ओळ मी विहिरीवर ऐकली नव्हती. मी कप खाली ठेवला. मी बाभळीखाली असताना तू ती म्हटली होतीस. म्हणजे मी गेलो हे तुला कळलं होतं. कसं, ते देव जाणे, पण कळलं होतं. माझ्या शाळेच्या गावची, माकणीची बस लागली, सुटली, आणि मी तिथंच बसून होतो.

तेव्हापासून मी त्या गाण्यात अडकलोय. शाळेच्या गॅदरिंगला पोरी त्यावर नाचल्या, मीच त्यांना पहिला नंबर दिला. शेजाऱ्याच्या फोनची रिंग तीच. माझ्या लेकीच्या लग्नात ती उखाण्याला अडली, बँडनं ते सुरू केलं, आणि सगळ्या मांडवानं तुला उचलून पुढं आणलं. तू गायला उभा राहिलास की आधी मान वर करून छताकडं बघायचास. लोकांना वाटायचं, सरस्वतीला नमस्कार करतोय.

आपलं भांडण झालं तेही त्या गाण्यावरूनच. मी म्हणायचो, ‘पायाची माती’ बरं दिसत नाही, ‘पायाची धूळ’ कर, शुद्ध आहे. दरवेळी तू चिडायचास. “धूळ न्हाय. मातीच.” मी आपला व्याकरणाचा आव आणायचो, पण मला ती ओळ गाण्यातून काढायचीच होती, निदान थोडी बोथट तरी करायची होती. शेवटची चकमक मागच्या दिवाळीत झाली. तू फराळाची बशी तशीच ठेवून उठून गेलास. माणूस एवढ्या तेवढ्यावरून उठून जातो का, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही पण सोडा की आता.

आणि तू माझ्यासाठी काय कमी केलंस? माझे वडील अंथरुणाला खिळले आणि मी माकणीला शाळेत, तेव्हा रोज सकाळी येऊन त्यांना अंघोळ तू घालायचास. त्यांची नखं कापायचास. म्हातारा शेवटी शेवटी तुलाच माणिक म्हणायचा आणि तू ओ द्यायचास. तू जितकं करत गेलास तितका मी आत दबत गेलो. एखादं वेळी तरी तू माझ्या अंगावर ओरडायला हवं होतंस, लिंबराज. मग मीही ओरडलो असतो आणि ते बाहेर पडलं असतं. तू यायचास, चहा प्यायचास, आणि बोलणं संपलं तरी जरा वेळ बसून राहायचास. मला वाटायचं, तुला घरी जायचा कंटाळा आहे.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. त्या मशीनची नळी बघितलीस आणि स्ट्रेचरवरून उतरून चपला शोधायला लागलास. वहिनी हात जोडत होत्या, पोरगा रागावला, डॉक्टरनं समजावलं. तू घरातसुद्धा कधी आतल्या खोलीत झोपला नाहीस, हे त्या डॉक्टरला कोण सांगणार? मी म्हणालो, “जा रे, वीस मिनिटांचं काम. मी बाहेर उभा आहे.” तू माझ्याकडं बघून म्हणालास, “तू हुबा ऱ्हाशील, ठावं हाय. पर बोलशील का?” तिथला माणूस म्हणाला, आत माईक आहे, काका, आम्ही बोलतो तुमच्याशी. तू त्याच्याकडं बघितलंही नाहीस. तू माझ्या उत्तराची वाट बघत होतास आणि मी, एवढा बडबड्या मास्तर, तेव्हाही गप्प उभा राहिलो. तपासणी झाली नाही. दुखणं काय होतं ते कळलं तोवर उशीर झाला होता. त्या दिवशी मी नुसतं ‘हो’ म्हणालो असतो तर तू आत गेला असतास का? तुझ्या चितेसमोर मी एवढाच विचार करत होतो.

तेराव्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी निरोप पाठवला. प्रवचनानंतर सगळे चार शब्द बोलणार, गाण्याची गोष्ट गुरुजींनीच सांगायची, पहिल्यापासून ते सोबत होते. तो दाढीवाला तरुणही शूटिंगला येणार. मी ठरवलं की आता पुरे. आधी वहिनींना खरं सांगायचं आणि मग उद्या सगळ्यांना. तुझी माफी मागायला तू राहिला नाहीस, निदान चारचौघांत तरी मागावी. भीती एकच होती. त्या बाईला तू आयुष्यात हौसेनं एक लुगडं आणलं नाहीस. ते गाणं एवढंच तिच्या वाट्याला आलेलं, आणि तेही मी तुझ्या तेराव्याला काढून घेणार होतो.

वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि म्हणालो, “वहिनी, ते गाणं तुमच्यासाठी नव्हतं.”

त्यांचा हात थांबला नाही. “ठावं हाय मला.”

त्याच पुढं म्हणाल्या, “लई वर्सांमागं टीव्हीवर बोअरमधी पडलेल्या लेकराची बातमी लागली हुती. तवा बोलले ते सगळं. म्या आठ दिस त्यांच्याशी बोलले न्हाय. मग म्हणलं, ह्या गाण्यावरनं अख्ख्या गावानं मला चिडवलं, सासूबाई बी कौतिकानं बघायला लागल्या, आता ते परत कुनाला नेऊन देऊ? ऱ्हाऊ दे माझ्यापाशीच.”

“त्याला माझा राग होता?”

“हुता की. न्हाय कसा? पर तुमी समजता तसला न्हाय.” त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. “तुमी काठावर हलला का वरून माती पडायची म्हणं, बारीक बारीक. त्यावरनं त्यास्नी कळायचं, माणूस हाय वर. तुमाला तात्यानं गप बसवलं आसंल, हे बी वळखलं हुतं त्यांनी. म्हणून म्हणायचे, माती पडू दे. पर मधीच लई येळ माती पडायची थांबली. तेवढा येळ लई वंगाळ गेला म्हणायचे. तवा काय झालं हुतं, भाऊजी?”

धूळ कर म्हणून मी तुझ्याशी किती वर्षं भांडलो!

मी सांगितलं. बाभूळ, कानावर हात, परत पळत येणं, तात्यांची शाब्बासकी. काही मागं ठेवलं नाही. वहिनींनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

“हे त्यास्नी सांगितलं हुतं का तुमी?”

“नाही.”

“मला म्हणायचे, माणिक सोताहून सांगंल एक दिस. म्या न्हाय इचारणार. आसं म्हणून तुमच्याकडं चहाला जायचे.”

ओसरीवर बसून मी लहान पोरासारखा रडलो. वेशीत जे आलं नाही ते सगळं तिथं आलं. वहिनींनी मला रडू दिलं, गप्प बसा म्हणाल्या नाहीत आणि पाणीही विचारलं नाही. मग सूप परत मांडीवर घेतलं.

“उद्या ह्यातलं काय बी बोलू नका, भाऊजी. गाणं माझंच म्हणून सांगा. नातवंडं बसल्याली असत्यात समोर.”

“वहिनी, मला एकदा मोकळं होऊ द्या.”

“तुमी मोकळं व्हाल. मग म्या काय घिऊन बसू?”

काल तेरावा झाला. मांडव भरला होता. मी माईक हातात घेतला आणि सांगितलं. खंडोबाची जत्रा सांगितली, अणदूरचा बोळ सांगितला, पत्र्याच्या घरावर गच्ची बांधली आणि त्यावर वहिनींना उभं केलं. चांगलं सांगितलं. तीस वर्षं वर्गात गोष्टी सांगण्यात गेली, मला ते जमतं. तुझी धाकटी नात आजीला बिलगून तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि वहिनी खाली मान घालून नव्या नवरीसारख्या लाजल्या. ते लाजणं खोटं नव्हतं, हे मी तुला शपथेवर सांगतो. दाढीवाला तरुण जवळ येऊन म्हणाला, गुरुजी, आता हे कायमचं राहील. कुणीही विचारलं तर मला मरेपर्यंत हेच सांगावं लागणार.

आयुष्यात दोनदा मला बोलू नको म्हणून सांगण्यात आलं आणि दोन्ही वेळा मी ऐकलं. पहिल्यांदा माझं चुकलं. मी बाभळीखाली होतो, लिंबराज. दुसऱ्यांदा चुकलं की बरोबर केलं, ते मला कळत नाही, आणि ज्याला विचारावं तो मी बोलायची वाट बघून बघून निघून गेला.